सपाट पाय नक्की कुणाकडचे

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही पायांना मनापासून नमस्कार. एरवी हे वाक्य आपण सवयीनं लिहून मोकळे होतो, पण या वेळी मी तुमचे पाय टाचेपासून अंगठ्यापर्यंत डोळ्यांसमोर आणले, त्यांच्याकडे आदरानं पाहिलं आणि मगच नमस्कार केला, याची नोंद घ्यावी. तुमची तब्येत बरी असेल. मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमचा खोकला गेला का, की अजून बसमध्ये तुम्हाला जागा मिळवून देतो? (मामी म्हणत होत्या की तुम्ही खोकायला लागलात की शेजारचा उठून जातो आणि मग तुम्ही लगेच खोकायचे थांबता. मी यावर विश्वास ठेवलेला नाही. निदान पूर्ण ठेवलेला नाही.) आम्ही सगळे खुशाल आहोत. आई तर इतकी खुशाल आहे की ती सकाळी भांडी घासताना गाणं म्हणते, आणि बाबा दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. हे असं का झालं, तेच सांगायला बसले आहे. फोनवर सांगता आलं नसतं, कारण आमच्याकडे फोनवर बोललेलं आधी बाबा ऐकतात आणि मग पलीकडचा माणूस.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या घरात ‘सपाट पाय’ हे शब्द तुमच्या नावाला जोडूनच उच्चारले जातात. बाबांची सगळी हयात फरश्या बसवण्यात गेली. जगात त्यांना सपाट नसलेलं काहीही खपत नाही. दुसऱ्याच्या घरी गेलं की ते आधी जमिनीकडे बघतात, मग माणसांकडे. आणि ‘सपाट’ हा त्यांच्या तोंडचा सगळ्यात मोठा मान. एवढं असून सपाट पायाचं मात्र त्यांना वावडं. मी लहान असताना तुम्ही आमच्याकडे राहायला यायचात, आंघोळ करून बाहेर पडायचात, आणि न्हाणीघरापासून खोलीपर्यंत तुमचे ओले ठसे उमटायचे. ते वाळायच्या आत बाबा मला हाताला धरून दाखवायला न्यायचे. सगळ्यांच्या पावलाला आतल्या बाजूनं खाच असते, तुझ्या मामाचं पाऊल म्हणजे इस्त्री टेकवून उचलल्यासारखं, असं ते समजावून सांगायचे. पुढे माझंही पाऊल इस्त्रीच निघालं, तेव्हा त्यांना दुःख झालं नाही, उलट मुद्दा सिद्ध झाल्याचं समाधान झालं. ‘माहेरचा माल,’ एवढंच ते आईला म्हणाले. तेव्हापासून माझ्या पायाचं काहीही झालं, बूट चावला, ठेच लागली, जिन्यावरून घसरले, की बाबा शांतपणे तुमच्या गावाच्या दिशेनं बघायचे. आई काही बोलायची नाही. बोलणार काय? बाबांचे पाय तिनंसुद्धा धड पाहिले नव्हते. ते घरातही मोजे घालतात, फरशी गार लागते म्हणून. (स्वतः बसवलेली फरशी. तिला ते कधीही नावं ठेवत नाहीत, फक्त तिच्यावर मोजे घालून चालतात.)

तर आता मूळ प्रकरण. तुम्हाला माहीत आहे, मी फर्निचरच्या दुकानात विक्रीला असते. मोठं दुकान आहे, तीन मजली, आणि माझा मजला झोपायच्या खोल्यांचा. सगळीकडे पलंग, गाद्या, आरामखुर्च्या, कुठेही नजर टाका, बसावंसं वाटावं असंच सगळं, आणि नोकरांनी मालावर बसायचं नाही हा मालकांचा पहिला नियम. (मालकांना आम्ही आपसात गादीशेठ म्हणतो. कुणी गादीवर बसलेलं त्यांना तळमजल्यावरून कळतं.) म्हणजे मिठाईवाल्याकडे नोकरी करायची आणि उपाशी राहायचं, तशातली गत. दिवसभर उभं राहून माझा डावा घोटा आतल्या बाजूनं ठणकायला लागला. संध्याकाळी तर पाय असा दुखायचा की बसस्टॉपपर्यंतचा रस्ता कुणीतरी रोज थोडा थोडा लांबवतंय असं वाटायचं. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी एक युक्ती केली. पलंगावर बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही, पण कपाटात बसायचं नाही असं कुणी म्हटलं होतं? कोपऱ्यातल्या मोठ्या कपाटात मी शिरले, दार ओढून घेतलं, बूट काढले आणि खाली बसले. काय सांगू मामा, असं सुख! सुखानं मला डुलकी लागली. जाग आली ती दार उघडल्यावर. समोर नवरा-बायको उभे, मागे गादीशेठ. बाई ओरडल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी तशीच बसून, हातात एक बूट, अत्यंत नम्रपणे म्हणाले की आत एक माणूस आरामात मावतो. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं आत डोकावून पाहिलं, आणि त्यांनी ते कपाट घेतलं. म्हणून माझी नोकरी वाचली. पण गिऱ्हाईक गेल्यावर गादीशेठ म्हणाले की कपाटात झोपणारी माणसं त्यांना नकोत, पायाला काय झालंय ते महिन्याच्या आत बघून घे, नाहीतर तुझ्या जागी उभं राहू शकणारं कुणीतरी बघावं लागेल.

घरी सांगितलं आणि चूक केली. बाबा उठले आणि त्यांनी हत्यारांची पिशवी काढली. निवृत्त झाल्यापासून ती पिशवी उघडायला त्यांना निमित्तच लागतं. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः मागे उकिडवे बसले आणि माझ्या पोटरीवर ओळंबा धरला. हो, भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लोखंडी लोलक बांधलेला असतो, तोच. दोरी टाचेच्या मधोमध यायला हवी होती, ती भलतीकडेच लोंबायला लागली. माझी टाच बाहेर कललेली आणि घोटा आत झुकलेला. मग त्यांनी माझे जुने बूट आणवले, उलटे केले, आणि आतल्या बाजूची झीज आईला दाखवली. मग परातीत पाणी, त्यात माझा पाय, आणि खाकी कागदावर ठसा. इस्त्री. बाबांनी तो कागद उजेडात धरला, मान हलवली आणि म्हणाले की पाया खचलाय, आणि हा पाया कुणी घातला ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्यावर न थांबता त्यांनी आईचाही ठसा घेतला. तो सुरेख आला, नाजूक खाच असलेला, तर म्हणाले की एक पिढी सोडून उतरलं असणार, कारण भावाचा पाय तर आपण पाहिलाच आहे. (यातला हिशोब मला आजपर्यंत कळलेला नाही. भाऊ म्हणजे पिढी कशी?) त्या सगळ्या गडबडीत परात कलंडली आणि पाणी दाराखालून जिन्यात गेलं. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर विचारायला आले ते स्वतःचा ठसा काढूनच परत गेले.

शेवटी आईनं पायांच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली. बाबा म्हणाले, मी येतो, त्यांना पार्श्वभूमी सांगावी लागेल. पार्श्वभूमी म्हणजे तुम्ही.

डॉक्टरीणबाई फार चांगल्या. बारीक चणीच्या, चटपटीत, बोलता बोलता रोग्याच्या पायाचा अंगठा धरून ठेवणाऱ्या. त्यांनी मला आधी नुसतं चालायला लावलं, मग मागून पाहिलं. (मागून बघितलं की टाचेच्या बाहेर पायाची किती बोटं दिसतात हे मोजतात म्हणे. माझी जरा जास्तच बाहेर डोकावत होती, पाहुणे आले की दाराआडून पोरं बघतात तशी.) मग त्यांनी मला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. मी टाचा उचलल्या, आणि मामा, आश्चर्य! माझ्या पायाला कमान आली. झोपलेल्या मांजरानं उठून पाठ वर काढावी तशी. टाचाही आपोआप सरळ झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा लवचीक सपाट पाय. वजन टाकलं की कमान दबते, वजन काढलं की परत येते. अशी कितीतरी माणसं असतात, त्यांना जन्मभर काही होत नाही, आणि दुखत नसेल तर त्यांना काही करावंही लागत नाही. लहान मुलांचे पाय तर सगळ्यांचेच सपाट असतात, बहुतेकांची कमान वाढत्या वयात उठते, काहींची राहून जाते. माझं दुखतंय ते दिवसभर कडक जमिनीवर, पातळ तळाच्या बुटात उभं राहून. कमान तोलून धरणारी एक दोरी घोट्याच्या आतून जाते, ती बिचारी दमली आहे. बुटात आधार घालायचा, पोटऱ्यांचा व्यायाम करायचा, अधूनमधून बसायचं. बस्स. मी इतकी खूश झाले की पुन्हा एकदा चवड्यांवर उभी राहिले, नुसती गंमत म्हणून.

मग त्यांनी सहज विचारलं की घरात आणखी कुणाचे असे पाय आहेत का. बाबा या प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांनी तुमच्याबद्दल सविस्तर सांगितलं, ठशांचं वर्णन केलं, आणि वर म्हणाले की तुलनेसाठी चांगला पाय कसा असतो ते बघायचं असेल तर माझा बघा. आणि मामा, त्यांनी स्वतःच्या हातांनी मोजे काढले! तिथे एक काचेची पेटी होती, खाली दिवा आणि आरसा. वर उभं राहिलं की तळव्याचा कुठला भाग टेकलाय ते आरशात दिसतं. बाबा त्यावर असे चढले की जणू बक्षीस घ्यायला चालले आहेत. डॉक्टरीणबाई वाकल्या. मी वाकले. आई वाकली. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि परत वाकली. आरशात दोन अखंड, सलग, कडेपासून कडेपर्यंत टेकलेले तळवे होते. केसभरही फट नव्हती.

“अहो,” आई हळूच म्हणाली, “खाच कुठे आहे?”

बाबा पेटीवरून उतरले, हत्यारांच्या पिशवीतून जमिनीचा उतार बघायची पाणसळ काढली (हो, डॉक्टरकडे जाताना बरोबर पाणसळ), आणि ती जमिनीवर ठेवली. पाणसळीतला बुडबुडा मधून सरकून एका बाजूला जाऊन बसला. तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला! जमीन उतरती आहे, म्हणजे पेटी तिरपी, म्हणजे तपासणी रद्द, असा त्यांनी निर्णय दिला. डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. तुम्हाला हवी तशी जागा तुम्हीच शोधा, म्हणाल्या. म्हणून बाबा अनवाणी, पाणसळ हातात घेऊन, बाहेर जिथे बाकीचे रोगी बसले होते तिथे गेले, लोकांना पाय वर घ्यायला लावत जमीन तपासली, आणि खिडकीखाली एक तुकडा पसंत केला. तिथे खाकी कागद अंथरला. तोंड धुवायच्या भांड्यात पाय बुडवले. उभे राहिले. उतरले. सगळे रोगी मान उंचावून बघत होते. कागदावर दोन इस्त्र्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की ठसा मात्र स्वच्छ आलाय. मग त्यांनाही स्वतःचा बघावासा वाटला, मग त्यांच्या बायकोला, मग एका शाळामास्तरांना, आणि थोड्या वेळात तो सगळा दवाखाना ओल्या पावलांनी भरून गेला, जो तो दुसऱ्याची खाच बघतोय, झाडूवाल्या बाई फडकं घेऊन मागे मागे फिरताहेत, आणि ज्यांचे पाय दुखत होते ते दुखणं विसरून हसताहेत. आई भिंतीला टेकून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांची थकबाकी ती एका दुपारी वसूल करत होती.

पण मामा, पुढचं जरा वेगळं आहे. बाबांना परत आत नेऊन डॉक्टरीणबाईंनी चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. दोन्ही पायांवर राहिले. मग एकेका पायावर. उजव्यावर राहिले. डाव्यावर टाच उचलेचना. बाबांनी भिंतीला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला, पायाला मुंग्या आल्यात म्हणाले. मागून पाहिलं तर डाव्या टाचेबाहेर जवळजवळ सगळी बोटं दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की दुखतंय कधीपासून. बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाले, बरेच महिने. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बागेत फिरायला जायचं त्यांनी सोडलं होतं, तिथल्या पायवाटेच्या फरश्या बेंगरूळ बसवल्यात, बघवत नाही, म्हणून. वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे जाणं सोडलं होतं, तो फार बोलतो म्हणून. आम्हाला ते खरं वाटलं होतं, कारण फरश्या खरंच वाईट आहेत आणि मित्र खरंच फार बोलतो. तीच ती कमान धरणारी दोरी, बाबांची सैल पडली होती. सपाट पाय जन्माचेच, पण डावा आता आणखी खचायला लागला होता. वेळेवर आलात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय अजून ताठरलेला नाही. आणखी वर्षभर मोज्यात लपवला असता तर ऑपरेशनशिवाय मार्ग नव्हता. आता घोट्याला पट्टा, बुटात आधार, थोडी विश्रांती आणि नेमानं व्यायाम. आईचं हसू केव्हाच थांबलं होतं. ती खाली बसली, बाबांचा मोजा उचलला आणि त्यांच्या पायात स्वतः चढवला. बाबा नको नको म्हणाले नाहीत. आमच्या घरात हे केवढं मोठं, ते तुम्हाला सांगायला नको.

बुटातले आधार बनवणाऱ्याचं दुकान शेजारीच आहे. त्याला डॉक्टरीणबाई साचेवाला म्हणतात. उंच आहे, इतका की स्वतःच्या दुकानाच्या दाराला रोज डोकं आपटतो आणि रोज नव्यानं चकित होतो. (त्याचे कान थोडे मोठे आहेत, पण शोभतात.) त्याला चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. पुढे एकदा बसस्टॉपवर मी समोर उभी राहून नमस्कार केला तर तो परक्यासारखा बघत राहिला, मग नजर खाली गेली आणि चेहरा उजळला. तर त्यानं आमच्यापुढे मऊ फोमचे डबे ठेवले. त्यात पाय दाबायचा, साचा उठतो, त्यावरून इनसोल बनतं. माझं झालं. मग बाबांनी पाय दाबला. साचेवाल्यानं डबा उचलला, खिडकीकडे नेला, फिरवून फिरवून पाहिला आणि भारावून म्हणाला, “काका, इतका पूर्ण सपाट पाय मी अजून पाहिला नव्हता. हा साचा मी शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवून घेऊ का?”

बाबांचा चेहरा असा झाला की मी डोळे मिटले. त्यांना रागानं तिथून निघून जायचं होतं. पण निघून जायचं तर बूट घालायला हवेत, बूट घालायला बसायला हवं, आणि दुकानात स्टूल एकच, ज्यावर तो बसला होता. तो चटकन उठला, बाबांना स्टुलावर बसवलं आणि खाली बसून त्यांच्या नाड्या बांधायला लागला. राग असा समोरच्याकडून नाड्या बांधून घेत व्यक्त करता येत नाही. बाबांना तो राग बसमध्ये बसेपर्यंत धरून ठेवावा लागला. बसमध्ये मात्र त्यांनी जाहीर केलं की त्या लंबूचं नावसुद्धा आमच्या घरात काढायचं नाही आणि त्याचा पाय आमच्या उंबऱ्याला लागता कामा नये.

त्यानंतर सगळं बरं चाललंय. बाबा पट्टा बांधतात, कुणी बघत नसताना व्यायाम करतात, आणि जमिनीवर टाकलेला पंचा पायाच्या बोटांनी गोळा करण्यात इतके तयार झालेत की आता वर्तमानपत्रही वाकून उचलत नाहीत. बागेत पुन्हा जायला लागलेत, अर्ध्या वाटेपर्यंत. मला गादीशेठनी बसायची परवानगी दिली, पण विक्रीतल्याच स्टुलावर. त्याचा परिणाम असा झाला की मी आरामात बसलेली पाहून लोकांना नेमकं तेच स्टूल हवं असतं. मी उठते, ते बांधून जातं, दुसरं आणलं जातं, मी बसते, तेही जातं. या महिन्यात स्टुलांची विक्री सगळ्यात जास्त झाली आणि माझं बसणं सगळ्यात कमी. गादीशेठ माझ्या पायांबद्दल आता फार आदरानं बोलतात.

मामींना नमस्कार. गुडघ्याची हयगय करू नये म्हणावं. तुमचे पाय दुखत नसतील तर त्यांना काहीही करू नका, हे डॉक्टरीणबाईंचं मत. आणि दुखत असतील तर मोजे काढून कुणाला तरी दाखवा, हे माझं.

तुमची,
पायांसकट लाडकी भाची

ता. क. – माझ्या इनसोलची कड थोडी टोचत होती म्हणून साचेवाल्याकडे घासायला नेली होती. मग दुसरी कड टोचायला लागली. मग पहिली परत. असं करत करत ते इतकं घासलं गेलं आहे की आता बुटात घातलं काय आणि पोस्टकार्ड घातलं काय, सारखंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन करून घे, आणि हसल्या. का हसल्या कळलं नाही.

ता. क. दोन – कळलं, खोटं कशाला बोलू. मामा, मला त्याच्याशी लग्न करायचं आहे. त्यानं विचारलं ते इनसोल घासता घासताच, मान वर न करता, आणि उत्तर ऐकून उठला तेव्हा डोकं दिव्याला आपटलं. आईला सांगितलं नाही, तिच्या पोटात राहणार नाही. बाबांना सांगायची माझी छाती नाही. तुम्ही या. बाबांना तुमच्या पायांपुढे आता बोलायला जागा राहिलेली नाही, तेव्हा तुमच्याशिवाय दुसरं कुणी हे करू शकेल असं मला वाटत नाही. पत्र मिळताच निघा. खोकत निघा, म्हणजे बसायला जागा मिळेल.

ता. क. तीन – मेव्हणे, हे मी लिहितोय. पोरीनं पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, त्याचा डिंक उखडला होता. (उखडला म्हणजे किटलीच्या वाफेवर उखडतो तसा.) ती लिहिते त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण ते जाऊ दे. मुलगा मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात पट्टा सैल करायला गेलो होतो तेव्हा त्यानं मला विचारलं, घाम पुसत पुसत, आणि मी हो म्हणालो. तिला सांगू नकोस असंही मीच बजावलं, कारण तिला स्वतः सांगायचं असेल. तरीही तुम्ही या. येऊन माझी समजूत घाला. दोन दिवस मी मुळीच ऐकणार नाही, आवाजही चढवीन, मनावर घेऊ नका. तिसऱ्या दिवशी दुपारी ऐकेन. तुमच्या बहिणीला इतक्या वर्षांत माझ्याकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं आहे. तिच्या माहेरच्या माणसापुढे मी एकदा तिच्या देखत हरायला हवा, आणि हरलेला दिसायलाही हवा. जेवण झाल्यावर भांडायचं की आधी, तेवढं कळवा. तुमची बहीण त्या हिशोबानं स्वयंपाकाला लागेल.